फिल्म की डिजिटल? खानदेशच्या उन्हात कॅमेरा निवडताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची फोटोचं वेड लागलेली पोरंपोरी हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. माळ्यावर वडिलांचा नाहीतर मामांचा जुना फिल्मचा कॅमेरा, याशिका किंवा झेनिट, सापडलेला असतो. इन्स्टाग्रामवर फिल्मचे मऊ, किंचित पिवळसर फोटो पाहून जीव त्यात अडकलेला असतो. दुसरीकडे घरात हप्त्यावर नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, घ्यायची बोलणी चालू असतात. मग विचारतात, ‘दादा, फिल्म घेऊ की डिजिटल?’

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिला कॅमेरा डिजिटल घ्या, वापरलेला मिळाला तर उत्तमच. फिल्म त्यानंतर, आणि तिची सुरुवात कृष्णधवल रोलने करा. पण हे का, ते कळलं नाही तर सल्ल्याचा उपयोग नाही. तुम्हाला काय टिपायचं आहे, तिथे उजेड किती असतो आणि रोल धुऊन देणारी लॅब तुमच्या गावापासून किती लांब आहे, यावर उत्तर फिरू शकतं. शिवाय या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड हवेच्या देशांतलं असतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, हे त्या लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नसतं. आपल्याला ते हिशेबात धरावंच लागतं.

उजेड साठतो कुठे

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे सिल्व्हर हॅलाइडचे, अतिशय बारीक स्फटिक पसरलेले असतात. उजेड पडला की त्या स्फटिकांत चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. एवढंच. त्या क्षणी फिल्म पाहता आली तरी डोळ्यांना काही दिसणार नाही. चित्र तयार झालेलं असतं, पण सुप्त. रोल धुताना डेव्हलपर उजेड लागलेले स्फटिक ओळखून त्यांची पूर्ण चांदी करतो आणि फिक्सर, ज्याला आपले जुने स्टुडिओवाले हायपो म्हणतात, उरलेले क्षार विरघळवून काढून टाकतो. जिथे उजेड जास्त तिथे चांदी जास्त, आणि बारीक चांदी काळी दिसते, म्हणून निगेटिव्ह उलटी. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडासाठी वेगवेगळे थर असतात. धुताना चांदीच्या जागी रंगद्रव्य तयार होतं आणि शेवटी चांदी पूर्ण काढून टाकली जाते. म्हणजे रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी राहतच नाही, नुसता रंग राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, फोटो किती वर्षं टिकतात ते पाहताना ती कामाला येईल.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा सेन्सर असतो. त्यावर लाखो पिक्सेल. उजेडाचा कण पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतो आणि प्रत्येक पिक्सेल आपापले इलेक्ट्रॉन जमा करतो. क्लिक संपली की कॅमेरा ते मोजतो आणि आकडे कार्डावर लिहितो. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते, त्यातल्या निम्म्या हिरव्या, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपास बारकावे जास्त टिपतो. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने काढले जातात. रंगीत डिजिटल फोटोतला बराचसा रंग असा हिशेब करून भरलेला असतो, आणि तो हिशेब इतका पक्का झाला आहे की आपल्याला संशयही येत नाही.

पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरासुद्धा कोडॅकमध्येच बनला, १९७५ साली. स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने तो जुळवला. चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. पुढे डिजिटलच्याच लाटेत २०१२ मध्ये कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. कंपनी त्यातून सावरली आणि अमेरिकेतल्या रोचेस्टरला ती आजही फिल्म बनवते. आपल्या देशातही उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, त्याचा ‘इंदू’ रोल जुन्या स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. तो कारखाना बंद पडला. आज आपल्याकडे मिळणारा जवळपास प्रत्येक रोल बाहेरून येतो आणि त्याच्या किमतीचं मोठं कारण तेच आहे.

या सगळ्यातून कामाची एक गोष्ट निघते. फिल्मच्या कॅमेऱ्यात रोल हाच सेन्सर. रोल उजेडाला किती संवेदनशील आहे ते त्याच्या आयएसओच्या आकड्यावरून कळतं. २०० चा रोल भरला की ३६ फोटो २०० वरच काढायचे, मग सकाळी शेतात असा की संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात. कॅमेरा तीस वर्षं जुना असला तरी ताजा रोल घातला की त्याची नजर नवी होते. डिजिटलमध्ये आयएसओ प्रत्येक फोटोला बदलता येतो, पण सेन्सर मात्र विकत घेतलात त्या दिवशीचाच राहतो.

केळीच्या बागेत

एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा ते, समजून घ्यायला रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेइतकी चांगली जागा नाही. दुपारी बाराला बांधावर उभे राहा. माथ्यावर ऊन, जमीन पांढरट, आकाशात ढग नाही. अशा उजेडासाठी जुना ठोकताळा आहे: एफ, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकडा, १६ ठेवा आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. २०० चा रोल असेल तर कॅमेऱ्यावरचा त्याच्या जवळचा वेग, सेकंदाचा २५० वा भाग. आपल्याकडे वर्षातले इतके दिवस आकाश निरभ्र असतं की उजेड मोजणारं मीटर बंद पडलेल्या कॅमेऱ्यावरही या ठोकताळ्याने चांगले फोटो येतात. आता चार पावलं बागेच्या आत जा. पानांची सावली, गार, हिरवट उजेड. तो बाहेरच्या उजेडाच्या सोळाव्या भागाइतका असू शकतो. फोटोवाल्यांच्या भाषेत चार स्टॉप कमी, दर स्टॉपला उजेड निम्मा. घड तोडणारा माणूस सावलीत आहे, त्याच्या पाठीमागे पानांच्या फटीतून ऊन भगभगतंय, आणि तुम्हाला चेहराही हवा आहे आणि ते ऊनही.

इथे फिल्म आणि डिजिटल नेमके उलट वागतात. डिजिटल पिक्सेलमध्ये ठरावीक इलेक्ट्रॉनच मावतात. मर्यादा गाठली की त्यापुढे कितीही उजेड पडो, आकडा तोच. तो भाग फोटोत सपाट पांढरा होतो आणि संगणकावर बसून कितीही ओढाताण केली तरी तिथे काही सापडत नाही. सावलीत मात्र डिजिटल फार उदार आहे. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे, ठेवली असेल तर काळा दिसणारा चेहरा नंतर उजळून काढता येतो. रॉ फाइलमध्ये बहुतेक कॅमेरे १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत उजेड नोंदवतात. जेपेगमध्ये रंगामागे २५६ पायऱ्या उरतात, म्हणून जेपेगमधला चेहरा उजळायला गेलात की कातडीवर डाग आणि पट्टे दिसायला लागतात.

निगेटिव्ह फिल्मचं याउलट. तिला जास्त उजेड चालतो. दोन स्टॉप जास्त पडला तरी रंगीत निगेटिव्ह बहुधा सांभाळून घेते, कारण उजेड वाढत गेला तसा तिचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो, एकदम तुटत नाही. पानांच्या फटीतलं ऊन फिल्मवर मऊ उतरतं ते यामुळे. पण उजेड कमी पडला तर स्फटिक जागेच होत नाहीत आणि सावली चिखलासारखी राखाडी येते. तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं.

म्हणून बागेतल्या त्या माणसाचा फोटो काढताना निगेटिव्ह फिल्म असेल तर त्याच्या सावलीतल्या चेहऱ्यावर मीटर घ्या आणि मागच्या उन्हाची चिंता करू नका. डिजिटल असेल तर मागचं ऊन सपाट पांढरं होणार नाही इतपत एक्स्पोजर खाली ठेवा आणि चेहरा रॉमधून वर काढा. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर उलटं नाही तर सरळ चित्र येतं ती, असेल तर तिला ना जास्त चालतं ना कमी. तिच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. माझ्या मते एवढा एक फरक हाताला बसला की निम्मी फोटोग्राफी आली.

अंधार पडल्यावर

इथे फार बोलायला नको. अंधारात डिजिटल.

अजिंठा तसं खानदेशच्या वेशीबाहेर, पण जळगावहून तासा-दीड तासाचं अंतर आणि आपल्याकडच्या प्रत्येक फोटोवाल्याची तिथे एक तरी फेरी होतेच. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, चित्रं जपायची असतील तर. आतला उजेड मंद. ४०० च्या फिल्मवर जिथे पाव सेकंद शटर उघडं ठेवावं लागेल तिथे डिजिटलवर ६४०० आयएसओ लावून सेकंदाच्या ६० व्या भागात काम होतं. पाव सेकंद कॅमेरा हातात स्थिर राहत नाही, साठावा भाग राहतो. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येईल, पण भिंतीवरच्या पद्मपाणीचा चेहरा हलणार नाही.

अक्कलकुव्याकडच्या काठी गावची होळी तर रात्रभराची. ढोलांचा ठेका, अंगावर नक्षी काढलेले, मोरपिसांचे टोप घातलेले नाचणारे, आणि पहाटे होळी पेटते. नाच थांबत नाही आणि उजेड सारखा बदलतो. फिल्मला आणखी एक अडचण आहे: एक्स्पोजर सेकंदापेक्षा लांबलं की तिची संवेदना मंदावते. मीटर सांगेल त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो आणि रंगीत फिल्मवर रंगही सरकतात. अशा ठिकाणी ज्यांना फिल्मवरच काढायचं आहे त्यांनी जरूर काढावं, पण दुसरा कॅमेरा डिजिटल बरोबर ठेवावा. पहाटेची होळी एकदाच पेटते.

आपल्याकडची उष्णता

फिल्म ही नाशवंत वस्तू आहे. उष्णतेने ती न वापरताच हळूहळू धुरकट होते, रंग बिघडतात, संवेदना घटते. फोटो काढून झाल्यावर सुप्त चित्रही उष्णतेत विरत जातं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रोल गाडीच्या डॅशबोर्डवर, मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर ठेवणं म्हणजे तो वाया घालवणं. न वापरलेले रोल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच डबा उघडू नका. तासा-दोन तासांनी, रोल खोलीइतका कोमट झाला की मगच उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. फोटो काढून संपलेला रोल आठवड्याभरात धुवायला पाठवा.

डिजिटललाही उष्णता आवडत नाही, फक्त तिचा त्रास वेगळ्या रीतीने दिसतो. सेन्सर तापला की उजेड नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात. तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये ते ठिपक्यांच्या रूपात दिसतं. भर उन्हात व्हिडिओ काढताना कॅमेरा स्वतःहून बंद पडतो. लिथियमची बॅटरी सतत तापत राहिली तर लवकर म्हातारी होते. स्क्रीन उन्हात दिसत नाही म्हणून लोक ब्राइटनेस वाढवतात आणि मग फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. त्यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत त्याचा आलेख, पाहायची सवय लावा, तो उन्हात फसवत नाही.

धुळीचंही असंच. जिनिंगमध्ये कापसाचा तंतू हवेत उडत असताना लेन्स बदललीत तर सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसेल. फिल्मला दर फोटोला नवी जागा मिळते, पण कॅमेऱ्यात अडकलेला वाळूचा खडा अख्ख्या रोलभर सरळ रेघ ओढतो. मी अशा जागी कोणत्याही कॅमेऱ्याची लेन्स बदलत नाही.

आता घरी रोल धुण्याबद्दल, कारण कृष्णधवलने सुरुवात करा असं मी म्हणालो ते यासाठीच. कृष्णधवल रोल धुवायला डार्करूम लागत नाही. रोल अंधारात हाताळायला काळी चेंजिंग बॅग, रोल धुवायची उजेडबंद छोटी टाकी, डेव्हलपर, फिक्सर, थर्मामीटर आणि मोजपात्र एवढ्यावर स्वयंपाकघरात होतं. अडचण तापमानाची. डेव्हलपरच्या वेळा साधारण २० अंशांसाठी दिलेल्या असतात आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. तापमान वाढलं की वेळ कमी करावा लागतो. ज्या रोलला २० अंशांना दहा मिनिटं लागतात त्याला २४ अंशांना सात-एक मिनिटं पुरतात. पण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की धुलाई एकसारखी होत नाही, आकाशात पट्टे येतात. आणि एक रसायन थंड, दुसरं गरम असं झालं तर जिलेटिनला सुरकुत्या पडण्याचा धोका असतो.

मी असं करतो. स्टीलच्या परातीत पाणी आणि बर्फाचे खडे घेऊन त्यात डेव्हलपर आणि फिक्सरच्या बाटल्या उभ्या करतो. बर्फ बाटलीत कधीच टाकायचा नाही, रसायन पातळ होतं. थर्मामीटर बाटलीत घालून हलवत राहिलं की २२ अंशांना बाटल्या बाहेर काढायच्या. शेवटच्या धुण्याचं पाणी माठातलं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला माठ पाणी पंचविशीच्या आसपास आणून ठेवतो आणि तेवढा फरक फिल्मला चालतो. पाणीटंचाईच्या दिवसांत नळ सोडून धूत बसायची गरज नाही. इलफोर्ड या फिल्म कंपनीने सांगितलेली पद्धत आहे: टाकी भरायची, पाच वेळा उलटीपालटी करून पाणी टाकायचं, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. तीन भरण्यांत काम होतं. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने करा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

रंगीत फिल्मचा डेव्हलपर ३८ अंशांना चालतो, सव्वातीन मिनिटं, आणि त्यात जराही ढिलाई खपत नाही. थंडीच्या देशांत लोक त्यासाठी हीटर लावतात. उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपणहून त्याच्या जवळ असतं, हा आपल्या हवामानाने दिलेला एक खरा फायदा आहे. तरी रंगीत धुलाई कृष्णधवल हाताला बसल्यावरच करा.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. फिल्मवरून सुटलेली चांदी त्यात असते. एक्स-रे आणि फोटो लॅबचा हायपो गोळा करून त्यातली चांदी काढणं हा एके काळी जोडधंदाच होता.

पैसा आणि अंतर

रंगीत रोल, धुलाई, स्कॅन आणि जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून दीड हजार रुपये धरले तर फोटोमागे चाळीस-बेचाळीस रुपये पडतात. वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, आणि लेन्स चाळीस हजारांत बसली असं समजा. तेवढ्या पैशांत फिल्मवर हजारही फोटो होत नाहीत. डिजिटलवर नवशिक्या माणूस पहिल्याच वर्षात त्याच्या कितीतरी पट क्लिक करतो, आणि शिकायला क्लिक लागतातच.

पैशापेक्षा मला अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी तालुक्याच्या गावीही रोल टाकला की दोन दिवसांत मॅक्सी साइजच्या कॉपी हातात यायच्या. आता आपल्याकडून रोल मुंबई-पुण्याला जातो, त्याचे स्कॅन ईमेलवर येतात आणि निगेटिव्ह कुरिअरने नंतर. दोन-तीन आठवड्यांनी फोटो पाहताना त्या दिवशी एफ किती ठेवला होता ते आठवत नाही. जे चुकलं ते का चुकलं हे कळत नाही. डिजिटलवर ते त्याच मिनिटाला कळतं. पहिला कॅमेरा डिजिटल घ्या म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

आणि पोटापाण्यासाठी फोटोग्राफी करणार असाल तर प्रश्नच मिटला. हळदीपासून बिदाईपर्यंतचं लग्न, दुसऱ्या दिवशी स्टेटसला टाकायचे फोटो, मग छापील करिझ्मा अल्बम, हे सगळं डिजिटलशिवाय जमत नाही. लग्नघरातली आजीसुद्धा क्लिक झाल्या झाल्या ‘फोटू कसा उना?’, म्हणजे कसा आला, म्हणून स्क्रीनकडे वाकते. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: बऱ्याच लॅब डिजिटल फाइल लेझरने चांदीच्या क्षारांच्याच कागदावर छापतात आणि रसायनात धुतात. भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो डिजिटल असला तरी कागद जुन्याच जातीचा असू शकतो.

मग फिल्म कशासाठी

चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांचं काम पाहून या. स्टेशनजवळच्या आपल्या घरात हा माणूस अनेक दशकं राहिला, बाहेर जवळजवळ पडलाच नाही, आणि टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांनी जे केलं ते आजही थक्क करतं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की फोटोत अख्खा देखावा उभा राहावा. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आज संग्रहालय आहे आणि खानदेशात राहून फोटोची आवड असलेल्याने ते पाहिलं नसेल तर आधी ते पाहावं, कॅमेऱ्याचं नंतर.

तिथल्या फोटोंसमोर उभं राहिल्यावर दिसतं की सगळे निर्णय क्लिकच्या आधी झालेले आहेत. उजेड कुठून, सावली किती लांब, कडेला काय येऊ द्यायचं नाही. फिल्म माणसाला हीच सवय लावते. ३६ च फोटो, प्रत्येकाला पैसे, स्क्रीन नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात डिजिटल घेऊन गेलात तर सकाळभरात हजार फोटो होतात आणि रात्री त्यातून निवडण्यात डोळे जातात. तिथेच एक रोल घेऊन गेलात तर आधी बाजार फिरून पाहाल, घोडेवाल्याशी बोलाल, धूळ उडवत घोडा पळवतात ती जागा हेराल, मग कॅमेरा डोळ्याला लावाल. डिजिटलवरही असं करता येतं, नक्की येतं. पण स्वतःवर एवढा ताबा फार थोड्यांना असतो.

फिल्मचा दिसण्यातला फरकही खरा आहे. ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, विखुरलेला असतो, पिक्सेलसारखा रांगेत नसतो, आणि उजेडाकडचा उतार मऊ असतो. तरी फक्त त्या दिसण्यासाठी फिल्म घेणार असाल तर थांबा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दिसणं बरंच जवळ आणता येतं. शिवाय तुम्ही फोनवर जो फिल्मचा फोटो पाहता तो शेवटी स्कॅन केलेली डिजिटल फाइलच असते, आणि त्यातले निम्मे रंग स्कॅन करणाऱ्याने ठरवलेले असतात. लॅबचा साधा स्कॅन सुमारे सहा मेगापिक्सेलचा असतो, आठ बाय बारा इंचांचा प्रिंट काढायला पुरेसा. त्याहून मोठा हवा असेल तर स्कॅनचे पैसे वाढतात.

टिकतं काय

भुसावळला मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याची चित्रं रंगांत उतरवण्याचं काम १८४४ मध्ये त्यांच्याकडे आलं आणि त्यात त्यांची जवळपास वीस वर्षं गेली. ती मोठमोठी चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो मात्र वाचले, कारण त्यांच्या प्रती छापून पुस्तकांतून ठिकठिकाणी पोचल्या होत्या. वस्तू एकाच जागी एकच असेल तर ती कधीतरी जाते, मग ती कॅनव्हास असो की हार्डडिस्क.

नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह धातूची चांदी धरून असते आणि थंड, कोरड्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राहते. रंगीत निगेटिव्हमध्ये नुसतं रंगद्रव्य असतं, ते उष्णतेत फिकं होत जातं. पावसाळ्यात दोन्हींना बुरशी लागते. माळा आणि पत्र्याची पेटी या दोन्ही जागा वाईट. कागदी किंवा निगेटिव्हसाठीच्या पिशवीत घालून घरातल्या सर्वांत गार खोलीतल्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि स्कॅन करून ठेवा.

डिजिटलची प्रत जशीच्या तशी निघते, हे तिचं फार मोठं बळ. पण प्रत काढावी लागते. दोन हार्डडिस्कवर ठेवा आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा भावाकडे. दर काही वर्षांनी डिस्क बदला. महत्त्वाच्या फोटोंचे प्रिंट काढा. कानबाई देवीच्या स्थापनेचे दरवर्षीचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये असतात आणि फोन बदलला की जातात, हे प्रत्येक घरात चाललंय. पंधरा-वीस रुपयांची कॉपी काढली असती तर आजीच्या हाताखालची ती नैवेद्याच्या रोटांची रांग पुढच्या पिढीला दिसली असती.

माळ्यावरचा कॅमेरा उतरवल्यावर

रोल घालायच्या आधी मागचं झाकण उघडा आणि कडेची काळी स्पंजची पट्टी बोटाने दाबून पाहा. चिकट चुरा हाताला आला तर ती बदला, नाहीतर उजेड आत शिरेल. लेन्समधून खिडकीकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. शटर एक सेकंदावर ठेवून ऐका, अडखळत असेल तर सर्व्हिसिंग लागेल. काही जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता बनत नाहीत आणि दीड व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं वाचू शकतं. फोनमधलं मीटरचं ॲप तेवढ्यापुरतं चालतं, आणि उन्हात एफ १६ चा ठोकताळा आहेच.

कॅमेरा निकॉन असेल तर लेन्स जपून ठेवा. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, १९५९ पासूनचा, त्यामुळे जुनी लेन्स बऱ्याच डीएसएलआरवर बसते. फोकस हाताने करावा लागतो आणि स्वस्त बॉडीवर मीटर चालत नाही, पण फोटो येतो. फक्त १९७७ च्या आधीची, एआय (लेन्सच्या छिद्राचा आकडा कॅमेऱ्याला कळवणारी निकॉनची सोय) नसलेली लेन्स जबरदस्तीने बसवू नका, काही बॉडीचं नुकसान होतं. ती आधी जाणकाराला दाखवा.

पहिला रोल लग्नात किंवा जत्रेत टाकू नका. गच्चीवर आणि गल्लीत टाका, उन्हातले, सावलीतले आणि संध्याकाळचे फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोचा एफ आणि शटर वहीत लिहून ठेवा. रोल धुऊन आला की वही समोर धरून निगेटिव्ह खिडकीवर लावून पाहा. तोच फोटो डिजिटलवरही काढलेला असेल तर दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याचं मीटर किती खरं बोलतंय ते पहिल्याच रोलला कळेल.